हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदलता यावं आणि काय मुळीच बदलता येऊ नये?

कोडकाम
नमस्कार मंडळी. आमची छोटी टीम नाशकात हजेरी आणि कामाच्या वेळेची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. ग्राहक मुख्यतः सातपूर-अंबडचे छोटे-मध्यम कारखाने, काही सिन्नरकडचे. आता दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातली द्राक्षांची पॅकहाउसंही विचारू लागली आहेत.

प्रत्येक ठिकाणी डेमो झाला की एकच वाक्य ऐकू येतं : "सगळं छान आहे, फक्त आमच्याकडे जरा वेगळं आहे." आणि ते खरंच वेगळं असतं. कुणाकडे दहा मिनिटांची सवलत, कुणाकडे एक मिनिटही नाही. कुठे शॉपला (उत्पादन विभागाला) शनिवारी सुटी आणि ऑफिसला रविवारी. कुठे गेटपासवर बाहेर गेलेला वेळ कापतात, कुठे कामासाठी गेला असेल तर धरतात. एका ठिकाणी जेवणाची सुटी पाळीच्या तासांत धरलेली, शेजारच्याच प्लॉटवर नाही.

यावर दोन सोपे रस्ते दिसतात आणि मला दोन्ही नको आहेत. एक, प्रत्येक ग्राहकासाठी कोडची वेगळी प्रत. पाच ग्राहकांपर्यंत ते निभतं, पुढे एक दुरुस्ती पंधरा ठिकाणी करत बसावं लागतं. दुसरा, दिसेल त्या गोष्टीला सेटिंग. मग सेटिंगचं पान इतकं गच्च होतं की आमच्या माणसाशिवाय ते कुणाला चालवता येत नाही, आणि "तुमच्या मनाप्रमाणे बदला" याला काही अर्थ उरत नाही.

मला असं वाटतं की मशीनवर पडलेली मूळ नोंद कुणालाच बदलता येऊ नये, आणि त्या नोंदीवरून तास-दिवस-ओटी (ओव्हरटाइम) कसे काढायचे ते नियम ग्राहकाला स्वतः बदलता यावेत. पण ही रेघ नक्की कुठे मारायची? टाइम ऑफिसात बसलेले, मशीनवर उभे राहणारे, पगार काढणारे अशा सगळ्यांकडून ऐकायचं आहे.

अंबड_एचआर
विषय अगदी रोजचा. माझ्या टेबलावर महिन्याच्या २६-२७ तारखेपासून फक्त मिस पंचचे (मशीनवर नोंद न उमटल्याचे) अर्ज असतात. त्यामुळे "मूळ नोंद बदलता येऊ नये" हे वाचून आधी दचकले. माणूस खरोखर आलेला असतो, त्याच्या शेजारच्याने त्याला पाहिलेलं असतं, पण बोट उमटत नाही. मग मी काय करायचं?

कोडकाम
ताई, मूळ नोंद तशीच राहील, तिच्या शेजारी दुरुस्तीची वेगळी नोंद येईल. कुणी केली, कधी, कारण काय, मंजुरी कुणाची. हिशोबात दुरुस्ती धरली जाईल, पण खालचं मूळ कधी पुसलं जाणार नाही. आणि दुरुस्ती झाली की त्या कामगाराला मेसेज जाईल.

अंबड_एचआर
असं असेल तर उलट मलाच सुरक्षित वाटेल. कारण उद्या कुणी म्हटलं की एचआरने तास खाल्ले, तर दाखवायला काहीतरी आहे.

बोटाचं मात्र लक्षात घ्याच. कूलंट आणि तेलात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. आमच्याकडे ग्राइंडिंगच्या दोन-तीन जणांचं बोट कधीच लागत नाही. म्हणजे "ओळख कशी पटवायची" हे कंपनीनुसार नको, माणसानुसार ठरवता यायला हवं. कुणाला बोट, कुणाला चेहरा, कुणाला कार्ड.

टाइमऑफिस_काका
माझी सगळी नोकरी सातपूरला टाइम ऑफिसात गेली. आधी मस्टर, मग पंचिंग कार्ड, मग बायोमेट्रिक, तिन्ही पाहिली. कोडकाम यांनी प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तिसरी पाळी. बाहेरून आणलेली सॉफ्टवेअरं इथेच अडखळताना पाहिली आहेत. माणूस रात्री अकराला आला, सकाळी सातला गेला. मशीनला दिसतं की एका तारखेला फक्त 'इन' आहे आणि दुसऱ्या तारखेला फक्त 'आउट'. दोन्ही दिवस अर्धवट. टाइमकीपर मग हाताने जोडत बसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ मध्ये याचं उत्तर स्पष्ट लिहिलेलं होतं. पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. आणि त्या माणसाची साप्ताहिक सुटी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग २४ तास. आता शनिवारची सुटी घ्या. शुक्रवारी रात्री अकराला आलेला माणूस शनिवारी सकाळी सातला सुटतो. त्याची सुटी शनिवारी सातला सुरू होते आणि रविवारी सातला संपते. जे सॉफ्टवेअर सुटी म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा असं धरतं, ते त्याला शनिवारचे सात तास सुटीच्या दिवशी काम केलं म्हणून दाखवतं. मग एक तर चुकीचा ओटी निघतो, नाहीतर कुणीतरी हाताने तो खोडतो आणि भांडण होतं.

म्हणून हे सेटिंगमध्ये ठेवू नका. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो तिचा दिवस, हे पायात पक्कं बसवा. बदलता यावं ते एवढंच : पाळी किती वाजता सुरू होते, किती आधी आलेला पंच त्या पाळीचा धरायचा, आणि किती तासांपलीकडच्या दोन पंचांची जोडी लावायची नाही. सेकंड करून थर्डला थांबलेला माणूस दुपारी तीनला येतो आणि सकाळी सातला जातो, सोळा तास. बारा तासांची मर्यादा ठेवलीत तर त्याची जोडी तुटते.

सिन्नरफाटा
काका, शंभर टक्के. माळेगाव एमआयडीसीत आमच्याकडे हाच घोळ दर आठवड्याला.

त्यात भर म्हणजे गेटवर दोन मशिनं. वीज गेली की एकाचं घड्याळ मागे पडतं. एकाच बसमधून उतरलेली माणसं, उजव्या रांगेतली वेळेवर आणि डाव्या रांगेतली लेट. तुमच्या सॉफ्टवेअरने मशिनांची घड्याळं रोज जुळवावीत आणि फरक सापडला तर नुसता लॉगमध्ये न टाकता टाइम ऑफिसला कळवावा.

कोडकाम
नोंदवून घेतलं. सर्व्हरच्या घड्याळाशी तुलना करून फरक पंचासोबतच साठवायचा असं करता येईल. म्हणजे मशीन चार मिनिटं पुढे होतं हे नंतरही सिद्ध करता येईल.

व्हीएमसीवाला
मी अंबडला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आहे. मला विचाराल तर हजेरीपेक्षा जॉबचा वेळ जास्त त्रास देतो. गेटवर आठ तास लागले हे ठीक. पण त्या आठ तासांत मशीन किती चाललं, मशीनवर जॉब लावायला (सेटिंगला) किती गेला, मटेरियल नव्हतं म्हणून किती वेळ उभा राहिलो, क्वालिटीवाल्याची वाट किती पाहिली, हे टॅबवर भरायला लावतात. कारणांची यादी उघडली की खाली खाली सरकवत जावं लागतं. हातात ग्लोव्ह, स्क्रीनवर तेल. सगळे सरळ 'इतर' दाबतात. महिनाअखेरीला मीटिंगमध्ये 'इतर'चा डोंगर दिसतो आणि ऑपरेटर टाइमपास करतात असा अर्थ निघतो.

यादी ऑफिसने बनवली आहे, मशीनवर उभं राहून नाही. टर्निंगवाल्याची कारणं आणि हीट ट्रीटमेंटवाल्याची कारणं एक नसतात. माझ्या स्क्रीनवर माझ्या मशीनची सहा-सात कारणं पुरेत, मोठ्या बटणांत, मराठीत. 'टूल चेंज', 'सेटिंग', 'मटेरियल नाही', 'इन्स्पेक्शन', 'ब्रेकडाउन', 'लाइट गेली'. याच्या बाहेरचं क्वचित येतं.

काठावरची
मी स्क्रीन डिझाइनचं काम करते. व्हीएमसीवाल्या दादांचं म्हणणं आमच्या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. सेटिंग बदलणारा माणूस आणि त्या सेटिंगसोबत दिवसभर जगणारा माणूस वेगळे असतात. ऑफिसातल्याला चाळीस कारणं टाकता येतात म्हणून तो टाकतो, कारण एक कारण वाढवायला त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. किंमत ऑपरेटर मोजतो.

कोडकाम, दोन गोष्टी सुचवते. एक, मूळ यादी कंपनीची असू दे, पण प्रत्येक मशीनला त्यातली किती दिसावीत याला कडक मर्यादा घाला, आणि कुठली दिसावीत हे त्या लाइनच्या सुपरवायझरला निवडता येऊ दे. दोन, 'इतर'चं प्रमाण ज्या मशीनवर वाढेल तिथे ऑपरेटरला दोष न देता रिपोर्टने "ही यादी तपासा" असं सांगावं.

आणि सेटिंगची भाषा. "ग्रेस पिरियड इन मिनिट्स" असा रिकामा चौकोन ठेवण्याऐवजी वाक्य लिहा : "पाळी ८:०० ला सुरू होत असेल तर ८:१० पर्यंत आलेल्याला उशीर धरू नये." आकडे बदलता येतील, वाक्य तसंच. मालकाला, एचआरला, युनियनच्या प्रतिनिधीला तेच वाक्य वाचता येतं. नियम वाचता आला तरच त्यावर बोलता येतं.

टाइमऑफिस_काका
वाक्याची कल्पना फार आवडली. आमच्या काळी नोटीस बोर्डावर असंच लिहिलेलं असे.

दिंडोरीकर
पॅकहाउसच्या बाजूने लिहितो. आमचं गणित कारखान्यापेक्षा पूर्ण वेगळं आहे, आणि कोडकाम यांनी तेच सॉफ्टवेअर आमच्याकडे आणून चिकटवलं तर ते चालणार नाही.

सीझन जानेवारी ते एप्रिल. तेव्हा माणसं कित्येक पटीने वाढतात. पॅकिंगच्या महिला दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून पिकअपमधून येतात. टोळीचा मुकादम असतो. त्यामुळे पहिला प्रश्न, उशीर कुणाचा? गाडी घाटात अडकली किंवा पंक्चर झाली तर अख्खी टोळी लेट. त्या बायकांच्या नावावर लेट मार्क टाकणं सरळ अन्याय आहे, कारण गाडी पॅकहाउसने ठरवलेली असते. आम्हाला गाडीची वेळ नोंदवायची आहे आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांना त्या गाडीचा नियम लावायचा आहे. असं कुठल्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये मला मिळालं नाही.

दुसरं, पाळी किती वाजता संपेल हे सकाळी कुणालाच माहीत नसतं. बागेतून माल किती आला, प्री-कूलिंगला किती लागला, कंटेनर कधी भरायचा यावर ठरतं. ठरलेली पाळी टाकून मग अपवाद करत बसायचं, की उघडी पाळी ठेवून तास मोजायचे? आम्हाला दुसरं हवं.

तिसरं, काही कामं रोजावर आणि काही बॉक्सवर. एकच बाई सकाळी ग्रेडिंगला रोजावर आणि दुपारी पॅकिंगला बॉक्सवर असू शकते. पैसे बॉक्सवर मिळत असले तरी तास मोजायचेच, कारण किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही.

चौथं, नावं. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, मुकादमाच्या वहीत तिसरंच. मागच्या सीझनला आलेली बाई यंदा नवीन म्हणून दाखल होते. नावावरून माणूस ओळखू नका.

जमाखर्च
पगाराचं काम करतो, बऱ्याच युनिट्सचं. दिंडोरीकरांचा तिसरा मुद्दा अगदी महत्त्वाचा, तासांची नोंद नसेल तर पीसरेटवर (नगावर) कमी पडलेलं वेतन कुणाच्या लक्षातच येत नाही.

मला लेट मार्कवर बोलायचं आहे. "तीन लेट म्हणजे अर्धा दिवस" हा नियम सर्रास मागितला जातो, आणि सॉफ्टवेअरवाले तो सर्रास देतात. वेतन प्रदान कायदा १९३६ मध्ये होतं आणि वेतन संहिता २०१९ मध्येही आहे, की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता येत नाही. तीनदा दहा-दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा तास. त्यासाठी चार तास कापणं बसतच नाही. तुम्ही ते सेटिंग दिलंत तर बेकायदा कपातीचं हत्यार तुमच्या नावाने बाजारात गेलं.

राउंडिंगही तसंच. बरेच जण येण्याची वेळ पुढच्या पाव तासाला आणि जाण्याची वेळ मागच्या पाव तासाला नेतात. ८:०७ चे ८:१५ झाले, ५:१० चे ५:०० झाले. दिवसाला १८ मिनिटं गेली. २६ दिवसांचे ७ तास ४८ मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पाळी. कामगाराला स्लिपवर यातलं काहीच दिसत नाही. राउंडिंग द्यायचंच असेल तर दोन्ही बाजूंना सारखं द्या, एकाच बाजूला झुकणारं देऊ नका.

अंबड_एचआर
जमाखर्च, कायद्याचा मुद्दा मान्य. पण मग रोज उशिरा येणाऱ्याचं करायचं काय? लाइन आठला सुरू होते, एक माणूस नसला की पुढचे चार जण थांबतात. आम्ही हजेरी बोनस ठेवला आहे. महिनाभर वेळेवर आलं तर वेगळी रक्कम मिळते, लेट झालं तर ती मिळत नाही. पगाराला हात लागत नाही. असा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये ठळक असावा, म्हणजे लोक कपातीकडे वळणार नाहीत.

जमाखर्च
हे चालतं. जास्तीचं देणं आणि ठरलेल्यातून कापणं यात फरक आहे. फक्त बोनसचे निकष लेखी आणि सगळ्यांना दिसतील असे हवेत.

आयटीतली
आमच्याकडे ना गेट ना पाळी, तरी लिहिते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, ग्राहक जर्मनीतले. तिथून टाइमशीटचा फॉरमॅट येतो. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने मे २०१९ मध्ये निकाल दिला, की मालकाकडे रोजच्या कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि उपलब्ध असलेली पद्धत असायला हवी. हे प्रकरण एका स्पॅनिश कामगार संघटनेने नेलं होतं, कारण नोंदच नसेल तर जास्तीचे तास सिद्ध कसे करणार? वेळ मोजण्याची मागणी तिथे कामगारांकडून आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे मात्र वेळ मोजण्याच्या नावाखाली दर काही मिनिटांनी स्क्रीनशॉट, किती कळा दाबल्या याची मोजणी. मी विचार करत बसले, फळ्यावर आकृती काढली, तो वेळ 'आयडल'. कोडकाम, तुमच्याकडे कुणी हे मागितलं तर देणार का?

कोडकाम
नाही. स्क्रीनशॉट आणि कळा मोजणं आम्ही बनवणारच नाही. ते वेळ मोजत नाही, माणसावर नजर ठेवतं. लोकेशनचं थोडं वेगळं आहे. सर्व्हिस इंजिनिअर ग्राहकाकडे पोहोचला याची नोंद त्यालाही हवी असते, पेट्रोलचे पैसे त्यावर मिळतात. तिथे फक्त पंच करताना एकदा जागा घ्यायची आणि दिवसभर माग काढायचा नाही, असं ठरवतोय. चेहरा-बोटांचा डेटा नोकरी सोडल्यावर पुसला गेलाच पाहिजे, हे सेटिंगमध्ये बंद करता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ची दिशाही तीच आहे, काम झालं की डेटा ठेवायचा नाही.

आयटीतली
मग हा धागा आमच्या ऑफिसात पाठवते.

टाइमऑफिस_काका
वेळ मोजण्याची मागणी कामगारांकडून आली, यावरून एक सांगतो. पंचिंग घड्याळाचं पेटंट अमेरिकेतल्या ऑबर्न गावच्या बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८९० मध्ये घेतलं. त्याची कंपनी पुढे ज्या समूहात गेली, तोच १९२४ पासून आयबीएम. आमच्या पंचिंग कार्डात एक गुण होता, जो बायोमेट्रिक आल्यावर हरवला. कार्ड घातलं की खट् करून वेळ छापली जायची आणि ती कामगाराला तिथेच दिसायची. महिनाभर त्याच्या हातात तो पुरावा असायचा. पगाराच्या दिवशी तो माझ्या खिडकीशी कार्ड घेऊन यायचा आणि म्हणायचा, "साहेब, १४ तारखेचा ओटी राहिला." आणि खरंच राहिलेला असायचा.

आता बोट लावलं की मशीन "धन्यवाद" म्हणतं. कोणती वेळ धरली, पाळी कुठली धरली, ओटी किती झाला, काहीच कळत नाही. महिन्याने स्लिपवर एक आकडा. तुम्ही जितके नियम बदलते कराल तितकं हे जास्त अंधारात जाईल. म्हणून माझं मत असं, की ज्या नियमाचा परिणाम कामगाराला दाखवता येत नाही तो नियम सॉफ्टवेअरमध्ये घेऊच नका. रेघ मारायची तर इथे मारा.

काठावरची
काका, हे अगदी पटलं. याचं स्क्रीनमध्ये रूपांतर सोपं आहे. पंच झाला की तीन ओळी : "आज ८:०४ ला आलात. पहिली पाळी. या महिन्याचा ओटी ६ तास ३० मिनिटं." आकड्यावर बोट ठेवलं की तो कसा आला ते वाक्यात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी गेटवरच्या कियॉस्कवर.

व्हीएमसीवाला
ओटी चालू महिन्यात दिसला तर अर्धी भांडणं मिटतील. आत्ता पगार झाल्यावरच समजतं.

जमाखर्च
कोडकाम, एक तांत्रिक पण फार मोठी गोष्ट राहिली. नियमाला तारीख हवी. कधीपासून लागू, कधीपर्यंत.

ताजं उदाहरण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. पगारी रजेसाठी जुन्या कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेत १८०. वीस दिवसांना एक रजा हे मात्र तसंच. राजीनामा दिला किंवा काढलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजच्या तासांची मर्यादा ९ वरून १२ पर्यंत आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर नेण्याला मंजुरी दिली. आकडे बदलत राहणार. ज्यांनी २४० हा आकडा कोडमध्ये पुरला आहे त्यांची आता धावपळ आहे. आणि ज्यांनी सेटिंगमधला २४० खोडून १८० लिहिला, त्यांचे मागच्या वर्षीचे रिपोर्ट उघडले की तेही बदललेले दिसतात. नुकसान या दुसऱ्या गटाचं जास्त आहे, कारण ते तपासणीच्या दिवसापर्यंत कळत नाही.

नियम खोडायचा नाही. जुन्याला शेवटची तारीख टाकायची, नव्याला सुरुवातीची. पगार काढून झालेला महिना कुलूपबंद. त्यात फरक निघाला तर पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून वेगळ्या ओळीत.

सिन्नरफाटा
तारखेवरून आठवलं. २०२७ चा सिंहस्थ. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद होते, पंचवटी-नाशिकरोडकडच्या माणसांना एमआयडीसी गाठणं अवघड झालं होतं. असे दिवस आले तर ठरावीक भागातून येणाऱ्यांना ठरावीक तारखांना सूट देता आली पाहिजे, आणि ती तारीख संपली की आपोआप संपली पाहिजे.

कोडकाम
तारीखवार नियमात हे बसतं. नियम तीन गोष्टींना बांधलेला असेल : कुणाला, कधीपासून कधीपर्यंत, आणि काय. "कुणाला" मध्ये विभाग, कंत्राटदार, टोळी, गाडी, राहण्याचा भाग असं काहीही घेता येईल. दिंडोरीकरांची गाडी आणि तुमचा सिंहस्थ एकाच साच्यात येतात, हे इथे लिहिता लिहिताच दिसलं.

दोन नियम एकाच माणसाला लागले तर कोणता जिंकणार? जास्त नेमका असेल तो, असं ठरवलं होतं. माणसाचा नियम टोळीच्या वर, टोळीचा विभागाच्या वर, विभागाचा कंपनीच्या वर. कुणाला अडचण दिसते का?

अंबड_एचआर
दिसते. माणसागणिक नियम द्यायला लागलात की वशिला सुरू होतो. साहेबांच्या ओळखीच्याला वीस मिनिटं सवलत, बाकीच्यांना पाच. माणसाच्या पातळीवर फक्त गरजेच्या गोष्टी ठेवा. ओळखीची पद्धत, स्तनदा मातेची विश्रांती, आजारपणातलं हलकं काम. तेही कारण आणि शेवटची तारीख टाकल्याशिवाय सेव्ह होऊ नये. सवलतीची मिनिटं विभागाच्या खाली उतरू देऊ नका.

जमाखर्च
ताईंना अनुमोदन. मी यापुढे जाऊन म्हणेन, नियम बदलण्याआधी सॉफ्टवेअरने मागच्या महिन्यावर तो चालवून दाखवावा. "हा नियम ऑक्टोबरला असता तर इतक्या जणांचे इतके तास कमी झाले असते, इतक्यांचे वाढले असते." नावानिशी. मालकाला बहुतेकदा कल्पनाच नसते की पाच मिनिटांच्या बदलाने किती जणांचा पगार हलतो. आकडा समोर आला की तो स्वतःच थांबतो.

काठावरची
ही चाचणी ऐच्छिक बटण म्हणून ठेवू नका. नियम सेव्ह करण्याच्या वाटेवरच ठेवा, टाळताच येणार नाही अशी.

कोडकाम
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या टीमने काल हा धागा एकत्र बसून वाचला. जे ठरलं ते लिहितो, विरोध असेल तर आत्ताच सांगा.

मूळ पंच, दुरुस्तीचा माग, पाळीचा दिवस आणि बायोमेट्रिक पुसणं, या गोष्टी पायात पक्क्या. त्यांना सेटिंग नाही, मोठ्या ग्राहकाने मागितलं तरी नाही. कायद्याच्या मर्यादा आम्ही तारखेसह भरून देऊ; कंपनी त्याहून उदार होऊ शकेल, त्याखाली जाऊ शकणार नाही. एकतर्फी राउंडिंग आणि "तीन लेट, अर्धा दिवस" काढून टाकतोय. हे दोन सध्या वापरणारे ग्राहक आहेत, त्यांच्याशी आम्हाला समोर बसून बोलावं लागेल. त्यातला एखादा गेला तरी हे परत घालणार नाही.

बाकी सगळं, म्हणजे पाळ्या, सवलत, सुट्या, गेटपास, हजेरी बोनस, थांब्याची कारणं, गाडीचे नियम, हे ग्राहकाच्या हातात, वाक्यांच्या रूपात, तारखेसह, मागच्या महिन्यावर चालवून पाहिल्यानंतरच. सवलत विभागाच्या खाली नाही. आणि काकांची अट : कामगाराच्या स्क्रीनवर ज्याचं स्पष्टीकरण दाखवता येत नाही तो नियम घ्यायचा नाही. नवीन मागणी आली की ती स्पष्टीकरणाची ओळ आम्ही आधी लिहिणार, मग कोड.

पॅकहाउससाठी सरसकट तेच उत्पादन न देता उघडी पाळी, गाडी आणि रोज-बॉक्स असा वेगळा सुरुवातीचा साचा बनवतोय. आतलं इंजिन एकच.

दिंडोरीकर
डिसेंबरात या. जानेवारीत माल सुरू झाला की इथे कुणाला बोलायलाही सवड नसते. डिसेंबरात थोड्याच बायका असतात, मुकादमही निवांत असतो. एक गाडी, एक टोळी घेऊन चालवून बघू. कियॉस्क शीतगृहाच्या दारात नको, तिथे ओल्या-गार हातांनी काही उमटत नाही. हजेरीच्या ओट्यावर लावू.

व्हीएमसीवाला
आणि कारणांची बटणं बनवली की मला दाखवा. ग्लोव्ह घालून दाबून बघतो.

कोडकाम
नक्की. दोघांनाही व्यक्तिगत निरोप करतो.